एका भाकरीची खळ

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलू नये. माझ्या दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मला त्यांचा राग येतो. वयाबरोबर राग कमी होतो असं ज्यांनी मला सांगितलं ते सगळे खोटं बोलले. हल्ली दाजींच्या चित्रांचं कौतुक करणारे फार झालेत. परवा एक मुलगी मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्या घरात राहिलात! केवढं भाग्य!" मी म्हटलं, "भाग्य नव्हतं गं, डी.एड. होतं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्कलकोटकडच्या आमच्या गावातून मी मास्तरीण व्हायला सोलापुरात आले आणि शिक्षण पुरं होईतो त्यांच्या दोन खोल्यांत राहिले. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बाहेरच्या खोलीत दाजींची चित्रं असायची. आतल्या खोलीत चूल, मोरी, अक्का, मी, आणि बाहेर न मावणारी चित्रं. अंथरूण घालायचं तर आधी चित्रं हलवायची, ती हलवायची तर दाजींना विचारायचं, आणि दाजी ओ द्यायचे नाहीत. कितीतरी वेळा मी भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपले आहे.

दिवसा दाजी एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चौकटीचौकटीच्या मोठ्या कागदावर ते मोर काढायचे. एकेक बारीक चौकट रंगवायची, त्या चौकटींबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पडायची आणि त्या भोकांवरून मागावरच्या चादरीत मोर उतरायचा. एक चौकट चुकली की मोराची मान मोडायची. दाजींचा मोर कधी मोडला नाही. साऱ्या मुलखातल्या लग्नांत त्यांचे मोर आहेर म्हणून गेले, लोक त्यांच्यावर झोपले, तान्ही पोरं त्यांच्यावर मुतली. आणि दाजींना मोराचा असा तिटकारा की घरात मोराचं नाव काढायची सोय नव्हती. एका संक्रांतीला अक्कानं उंबऱ्यापुढं मोराची रांगोळी काढली, तर ह्या माणसानं ती पायानं पुसली.

"पगार घेऊन काढतो तेवढं बास की," म्हणाले. "घरात फुकट कशाला?"

सणाच्या दिवशी, रांगोळीवर पाय! अक्कानं उरलेलं झाडायला हातात केरसुणी घेतली. तिच्या जागी मी असते तर ती त्यांच्या पाठीत घातली असती.

घरात ते जे काढायचे ते कशाचंच नसायचं. झाड नाही, माणूस नाही, देव नाही. गोणपाट, सूत, चुना, काजळी, आणि त्यावर पुन्हा चुना. कुणी "मास्तर, हे काय आहे?" असं विचारलं की त्यांच्या मिशा थरथरायच्या. "चादरीवरच्या मोराला इचारता का, बाबा तू काय हायेस म्हणून? मंग ह्याला का इचारता?" विचारणारा चपला घालून वाटेला लागायचा. पण मला अजून वाटतं, भांडणात जिंकता येतं म्हणून माणूस बरोबर असतो असं नाही.

त्यांची काम करायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीतूनच झालं. आधी कारखान्यात सुताच्या गाठींबरोबर येणाऱ्या फळ्या ठोकून चौकट करायची, तिच्यावर गोणपाट ताणून बसवायचं. मग खळ शिजवायची. मागावर चढवायच्या आधी सुताला पिठाची पेज लावतात, ती खळ. सोलापुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दाजी ती अक्काच्या पातेल्यात शिजवायचे. किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचे, ते विषारी, म्हणजे ते पातेलं स्वयंपाकातून बाद. गोणपाटावर खळ थापायची, तिच्यात कारखान्यातून आणलेले सुताचे तुकडे दाबायचे, वर चुना, गेरू, चुलीची काजळी, कपड्यांची नीळ, जे हाताला लागेल ते. मग पत्र्यावर उन्हात वाळवायचं. वाळलं की बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचा, बाजारात मडकं घेताना ऐकतात तसा. आवाज पसंत पडला की उलथन्यानं सगळं खरवडायचं. उलथनंही अक्काचंच. खरवडून झालं की परत खळ, परत सूत, परत चुना. महिना-महिना हे चालायचं, आणि शेवटी भिंतीवर दिसायचा काय, तर एक पांढुरका पापुद्रा आणि त्याच्याखालून कुठं कुठं डोकावणारं लाल-निळं काहीतरी.

"खालचं कळलं पायजे," ते म्हणायचे, "पण दाखवायचं न्हाय."

चित्र पुरं झालं असं ते कधी म्हणाले नाहीत. "थांबलं" म्हणायचे. थांबलेल्या चित्राचाही भरवसा नसे. शेजारच्या गल्लीतल्या एका शिक्षकांना त्यांनी वास्तुशांतीला एक चित्र दिलं होतं. चार महिन्यांनी आम्हाला घेऊन सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले, प्रसाद खाल्ला, हात धुतला, आणि यजमान पाहुण्यांना निरोप देत होते तोवर त्यांच्याच घरातला चमचा घेऊन चित्राचा एक कोपरा खरवडून ठेवला. यजमानीणबाई किंचाळल्या. दाजी म्हणाले, "ओरडू नका, आता थांबलंय." आम्ही तिघं तिथून बाहेर पडलो तेव्हा अक्का खालमानेनं चालत होती आणि दाजी शीळ घालत होते.

एक गोष्ट मात्र मला आजही हसवते, राग बाजूला ठेवून सांगते. कारखान्याचे मालक सज्जन होते. मास्तर घरी काहीतरी काढतात असं त्यांच्या कानावर आलं, म्हणून त्यांनी ऑफिसात लावायला एक लक्ष्मी काढून मागितली. दाजींनी दिली. पांढरी फटक. मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, लक्ष्मी कुठं आहे?"

"हाय की. खाली हाय. वरून चुना दिलाय."

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मालक त्या चित्रापुढं बसले. मनात शंका होतीच. भटजी मंत्र म्हणत असताना त्यांनी नखानं एक कोपरा हळूच खरवडून बघितला. खाली कमळाची पाकळी निघाली. मालकांनी घाबरून हात जोडले. दाजींनी हे बघितलं आणि घरी येऊन तीन-तीनदा सांगितलं. "माझं चित्र नीट बघितलेला हा पयला मानूस!" त्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली होती. इतकं खुश मी त्यांना नंतर कधी बघितलं नाही.

अक्काला बघायला आले होते तेव्हाचंही सांगायला हवं. तेव्हा मी परकरात होते. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि हा माणूस अक्काकडं बघेना. समोरच्या भिंतीकडं बघत बसला. शेवटी विचारलं काय, तर "ही भिंत कुणी सारवली?" शेणामातीत अक्काच्या हाताचे अर्धगोल उठलेले होते, एकात एक. वडील म्हणाले, "पोरीनंच." तिथंच पसंती सांगितली. आमच्याकडं बायका कौतुकानं म्हणायच्या, बघा, कामसू पोरगी हेरली. मला तेव्हाही वाटलं होतं की त्यानं भिंत पसंत केली, अक्का भिंतीबरोबर आली.

मग दुष्काळ आला.

ज्यांनी तो बघितला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. विहिरींत खडक दिसायला लागले. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर फुटायची, आणि घशाखाली उतरताना सांगून उतरायची. गावाकडून येणारी ज्वारी बंद झाली, कारण गावाकडं ज्वारी नव्हती. कारखान्यात मागाला काम कमी, म्हणून मोर कमी, म्हणून दाजींना अर्धा दिवस रिकामा.

एका रविवारी ते आम्हाला हिप्परग्याचा तलाव दाखवायला घेऊन गेले. तलाव कसला, पार तळ उघडा पडला होता. लोक झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होते. अक्का एका झिऱ्यापाशी रांगेत बसली. दाजी त्या तळातल्या भेगांपाशी पालथे पडले. भर उन्हात, गाल मातीला लावून. जनावरांना पाणी पाजायला आलेला एक म्हातारा मला म्हणाला, "पोरी, चक्कर आली का गं पाव्हण्याला? पानी मार तोंडावर." मी म्हटलं, "न्हाय आजोबा, त्ये बघत्यात." म्हाताऱ्यानं वाकून भेगेत डोकावलं. मग म्हणाला, "बघण्यासारखं काय हाय त्यात?" आणि बैल ओढत निघून गेला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या भेगांनी माणसं देशोधडीला लागत होती आणि आमचे दाजी त्यांच्यावर जीव टाकत होते.

घरी आल्यावर त्यांना त्याच भेगा हव्या झाल्या. चित्रात काढलेल्या नव्हे, आपोआप पडलेल्या. मैद्याची खळ करून बघितली, तिला भेग जाईना. चिंचोक्याची केली, ती काचेसारखी गुळगुळीत वाळली. मग एकदा अक्काच्या परातीत मिलोचं पीठ भिजवलेलं तसंच राहिलं आणि दुपारी वाळून तडकलं. दाजींनी ती परात दोन्ही हातांनी उचलून दारात उजेडात नेली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पोर झाल्यावर बापाचा होतो तसा झाला होता.

त्या संध्याकाळी ते अक्काला म्हणाले, "आजपासून मला एकच भाकरी वाढ. दुसरीचं पीठ मला दे."

मी तिथंच होते. खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान स्वतःच्या पोटाला चिमटा काढून करतायत. दाजींनी खोलीतली सगळ्यात मोठी चौकट ठोकली, दाराएवढी, आणि रोज संध्याकाळी मूठ-मूठ पीठ शिजायला लागलं. वस्तीत बोभाटा झालाच. आमच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसणारी नरसव्वा म्हणाली, "लोकाला खायाला पीट न्हाय, तुमचा मास्तर गोणीला खायाला घालतो!" दाजींनी ते ऐकलं आणि ताडकन उत्तर दिलं, "माझ्या वाट्याचं हाय. मी एका भाकरीवर हाय आता. कुणाच्या तोंडचं काढलेलं न्हाय." नरसव्वा परत विड्या वळायला लागली. कारखान्यातही त्यांनी हेच सांगितलं. रेशनच्या रांगेत त्यांना कुणी टोकलं तर तिथंही हेच. थोड्याच दिवसांत वस्तीतले लोक त्यांच्याकडं जरा आदरानं बघायला लागले. उपाशी माणसाला आपल्याकडं मान असतो, तो कशासाठी उपाशी आहे हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरात जेवायची रीत सगळ्यांच्या घरात होती तीच. आधी पुरुष, आणि शिकणारी म्हणून त्यांच्याबरोबर मी. "तुमी दोघं बसा, गरम गरम खावा," अक्का म्हणायची, "मी मागनं बसते." ती तव्यावरून चतकोर-चतकोर वाढायची. दाजी तोंड भिंतीकडं करून बसायचे, डोळे चित्रावर, हात ताटात. चतकोर संपला की दुसरा पडायचा. मला दिसत होतं की एका भाकरीचे म्हणून जेवढे चतकोर व्हायचे तेवढ्यावर काही ते थांबत नाहीत. मला वाटलं, झालं, व्रत मोडलं. ते असे महिन्याला एक व्रत धरायचे आणि सोडायचे. खळ शिजते ती आता कारखान्यातून आणत असतील अशी मी समजूत करून घेतली आणि पुस्तकात डोकं घातलं.

चैत्र सरत आला असेल. सुट्टीचा दिवस होता, म्हणून मी घरात होते. नळावरून आरडाओरडा ऐकू आला आणि नरसव्वा अक्काला बगलेत धरून घेऊन आली. अक्काचं लुगडं चिखलानं भरलेलं, कपाळाला खोक. "पडली की गं! घागर भरली न्हाय, नुसती उचलाया गेली, पडली," नरसव्वा रडवेल्या आवाजात सांगत होती. मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "रक्त कुठं आहे अंगात? काय खाता?" अक्का म्हणाली, "भाकरी." डॉक्टर म्हणाले, "मग ती नीट खा."

दाजी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अक्काच्या कपाळाची पट्टी बघितली, जवळ बसले, आणि म्हणाले, "उनाचं झालं आसंल. गूळपाणी घे." एवढं म्हणून उठले, कारण स्टोव्हवर खळ होती आणि ती गरम आहे तोवर थापावी लागते.

जेवायची वेळ झाली. मी म्हटलं, "मी आज अक्काबरोबर बसते." अक्का लगेच म्हणाली, "नगं गं, तुला अभ्यास हाय." मी बसलेच नाही. दाजी जेवले, उठले, बाहेरच्या खोलीत गेले. मग मी दोन ताटं घेतली आणि भाकरीच्या टोपलीवरचं झाकण उचललं.

टोपलीत एक चतकोर होता. अक्कानं तो उचलला, मधून मोडला, आणि थोरला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"रोज एवढंच असतं?" मी विचारलं.

"खा की. आमटी हाय."

आमटी म्हणजे तिखटाचं पाणी. मी टोपली उचलली आणि बाहेरच्या खोलीत गेले. डी.एड.ला आल्यापासून मी घरात 'हाय'चं 'आहे' करायला शिकले होते, ते सगळं त्या दिवशी सुटलं.

"दाजी, ह्ये बघा."

"काय?"

"टोपली. मोकळी हाय."

"मंग पीठ मळा की."

"पीठ कुटं हाय? पीठ तुमच्या भिंतीवर हाय!"

त्यांनी उलथनं खाली ठेवलं. रागावले नाहीत. समजूत घालावी तसं म्हणाले, "ते माझ्या वाट्याचं हाय. मी एक भाकरी सोडलीया. इचार तुझ्या अक्काला."

"आत्ता किती खाल्ल्या तुमी?"

"एक."

"दोन खाल्ल्या. रोज दोन खाताय!"

दाजी हसले. खरंच हसले. "मी किती खातो ते मला कळत न्हाय व्हय?" अक्का दारात येऊन उभी राहिली होती, पट्टीवर पदर घेऊन. तिच्याकडं वळून म्हणाले, "सांग की हिला."

अक्कानं खाली बघितलं. म्हणाली, "दोन."

स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

"का?" दाजींनी विचारलं.

"पयल्या दिशी एकच वाढली हुती. तुमचा हात कापाय लागला. सूत वाकडं बसलं म्हणून तुमी उलथनं फेकलं. म्हणून दुसऱ्या दिशीपासनं वाढली."

ज्या माणसाचा मोर एका चौकटीनं कधी चुकला नाही, ज्याला चुन्याचे पाच प्रकारचे पांढरे दिसायचे, त्याला स्वतःच्या ताटातल्या दोन भाकऱ्या दिसल्या नव्हत्या. तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होत नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. त्याला मनापासून वाटत होतं की आपण उपाशी राहून चित्र काढतोय. उपास चालूच होता, फक्त तो दुसरंच माणूस करत होतं.

दाजी उठले. उलथनं उचललं आणि चित्रावर धावले, सगळं ओरबाडून काढायला. आणि अक्का, जिला सकाळी रिकामी घागर उचलवली नव्हती, ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"हात लावू नका."

"सर बाजूला. नगं मला ह्ये."

"तुमाला नगं आसंल. त्यात माझं हाय. मोडायचं न्हाय."

त्यांचा हात तसाच वर राहिला. मग ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखं म्हणाले, "मला सांगितलं का न्हाईस?"

"ताटाकडं बघितलं आसतं तर दिसलं आसतं की," अक्का म्हणाली, आणि आत जाऊन आडवी झाली.

पुढचे काही दिवस दाजी तोंड भिंतीकडं न करता बसले. ताटाकडं बघायचे, अक्काला विचारायचे, "तुला हाय का?" ती म्हणायची, "व्हय." मी उठून टोपली बघायची. ते उठले नाहीत, विचारलं की झालं असं त्यांना वाटायचं. चित्राला आता पिठाची गरज नव्हती. त्यांनी वरून पातळ चुना फिरवला, एक दिवस ठोकून आवाज ऐकला, आणि थांबलं म्हणाले. मी ते चित्र नीट बघितलेलं आहे. वाईट नव्हतं. वाईट असतं तर किती सोपं झालं असतं. पांढऱ्या पापुद्र्याला तळाशी भेगा गेल्या होत्या आणि भेगांतून तांबडं दिसत होतं. बघताना घशाला कोरड पडायची.

मृग कोरडा चालला होता तेव्हा मालक मुंबईच्या एका साहेबांना घेऊन आले. साहेब प्रदर्शनं भरवायचे. चादरी बघायला म्हणून कारखान्यात आले होते, तिथं ती पांढरी लक्ष्मी बघून थबकले होते. दाराएवढ्या चित्रासमोर ते चष्मा काढून उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मास्तर, हे कसं केलंत?"

मी आतल्या दारात होते. म्हटलं, आता बघू.

दाजी म्हणाले, "दुष्काळात केलंय साहेब. माझ्या वाट्याची एक भाकरी सोडली, तिची खळ केली. एका भाकरीवर राहून काढलं."

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. साहेबांचेही डोळे भरले. मालकांनी मान हलवली. अक्का चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आली, तिनं त्या खाली ठेवल्या, आणि सरळ होत साध्या आवाजात म्हणाली, "दोन खायचे की ते. रोज."

मग मालक हसले. साहेबही हसले. "वहिनींनी पकडलं बघा तुम्हाला, मास्तर!" आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते दाजी. "बायकांपुढं काय चालतंय का साहेब कुणाचं!"

अक्का आत आली. तिनं डब्यातलं होतं नव्हतं तेवढं पीठ काढलं आणि काटवटीत पाणी घातलं. मी म्हटलं, "अक्का, परत सांग त्यांना. नीट सांग." ती म्हणाली, "सांगितलं की. हसले, म्हंजे ऐकू गेलं." आणि मळायला लागली. तेवढ्यात बाहेरून दाजींचा आवाज आला, "अगं, पानं घे. पाव्हणे जेवूनच जातील."

तो आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात काय शिरलं मला माहीत नाही. मी बाहेर गेले. मुंबईच्या साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आज आमच्याकडं जेवण नाही. होतं तेवढं ह्या भिंतीवर लावलंय. पोटभर बघा."

साहेब गोरेमोरे झाले. मालकांनी चपला शोधल्या. दाजी माझ्या अंगावर धावून आले, मी जागची हलले नाही. ते दोघं गेले, त्यांच्यामागं दाजीही अजिजी करत रस्त्यापर्यंत गेले.

मी आत आले. अक्का काटवटीपुढं बसली होती, पिठाचे हात तसेच. साऱ्या दुष्काळात ती रडली नव्हती. नळावर पडली तेव्हा नाही, कपाळाला टाका घातला तेव्हा नाही, त्या टोपलीच्या दिवशीही नाही. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पाव्हणं उपाशी गेलं गं," ती म्हणाली.